पावणाईचे छप्पर

फाल्गुन लागला होता. उन्हाला अजून दात फुटले नव्हते. निवेखोल गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत, पावणाईची राई उभी होती: श्यामल, सघन, शतशाख, शांत. वर पानांचे थरांवर थर, खाली पाचोळ्याचे थरांवर थर, आणि दोहोंच्या मध्ये हिरवा, गार, ओलसर उजेड. चाळणीतून पीठ गळावे तसे ऊन तिथे बारीक होऊन, मऊ होऊन खाली येई. बाहेर बांधावरची माती तडकली तरी राईतली माती मुठीत घट्ट बसायची.

आणि सुरंगी फुलली होती. फांदीफांदीच्या सालीतून शुभ्र पाकळ्या, पाकळ्यांतून पीतकेसरांचे झुबके. सकाळच्या पहिल्या किरणापासून मधमाश्यांचा अखंड, मंद्र, मंत्रासारखा गुंजारव. गावातल्या सुरंग्यांवर उजाडायच्या आत माणसे चढत, कळ्या खुडत, बायका त्यांचे वळेसर गुंफून बाजाराला नेत. राईतल्या सुरंगीला मात्र कुणी हात लावत नसे. राईतले फूल राईत फुलायचे, राईत गळायचे आणि राईचीच माती व्हायचे. वाळकी काटकीसुद्धा तिथून बाहेर न्यायची नाही, हा तिथला कायदा. तो कुणी लिहिला नव्हता, म्हणूनच बहुधा इतकी वर्षे पाळला गेला.

राईच्या मधोमध पावणाई. कमरेएवढी एक काळी शिळा. तिला डोळे नव्हते, मुकुट नव्हता, हातात शस्त्र नव्हते. अंगावर शेवाळाचे हिरवे, दाट, बारमाही लुगडे. डोक्यावर छप्पर नव्हते. “आयेक छप्पर चलना नाय,” असे जुनी माणसे म्हणत. पाऊस तिच्यावर पडे तो पानापानांवरून ओघळून, ऊन पडे ते फांदीफांदीची परवानगी घेऊन. तिला कशाचेच उणे नव्हते. पण आपल्या माणसांचे प्रेम असे असते, की ज्याला काही नको त्याच्या गळ्यात ते काहीतरी घातल्याशिवाय राहत नाही.

देवीपासून दहाबारा पावलांवर एक तरुण सुरंगी होती. बाकीची झाडे आजोबा-पणजोबांच्या वयाची; ही त्यांच्यात लेकीसारखी. बुंधा दोन ओंजळींत मावेल एवढा, शेंडा मात्र उजेड शोधत सरळ वर गेलेला. हिच्याकडे द्वारका बघायची. गावात इतर कुणाला त्याचे कारण ठाऊक नव्हते. तिच्या नवऱ्याला होते. तिचा नवरा अनाजी, पावणाईचा गुरव. रोज देवीला पाणी घालणारा, फूल वाहणारा, गावाच्या वतीने तिला गाऱ्हाणे घालणारा.

वीसेक वर्षांपूर्वी द्वारकेला एक मुलगी झाली. बाराव्या दिवसाआधीच, नाव ठेवण्याआधीच ती गेली. तिच्या ओठांना आईच्या दुधाची नीट ओळखसुद्धा झाली नव्हती. आणि निवेखोलात रीत अशी, की बारशाआधी गेलेले लेकरू राईला द्यायचे. आपोआप उगवलेले एखादे कोवळे रोप बघायचे, त्याच्या पायथ्याशी त्या जिवाला निजवायचे, आणि परत यायचे. ते रोप कोणते, हे आईबापांनी तिसऱ्याला सांगायचे नाही. सांगितले तर लेकरू तिथे थाऱ्याला राहत नाही, अशी समजूत. त्या रोपाला फक्त आईने पाणी घालायचे, तेही पहिल्या उन्हाळ्यापुरते. मग राई सांभाळते.

द्वारकेने पाणी घातले. छाती दुधाने ठणकत असताना कमरेवर कळशी घेऊन ती चढण चढली, उतरली, पुन्हा चढली. रोपाला दोन पाने फुटली तेव्हा ती हसली. पुढे मूल झाले नाही. पुढे फक्त झाड झाले. रोपाचे रोपटे, रोपट्याचे झाड. आणि ज्या वर्षी लेक वयात आली असती, त्या वर्षी सुरंगीने पहिल्यांदा कळ्या धरल्या. त्या सकाळी द्वारका घरी आली ती सरळ चुलीपुढे बसली आणि तिने गूळ घालून शिरा केला. अनाजीने काही विचारले नाही. दोघांनी तो शिरा खाल्ला. आता लेक लग्नाची झाली असती, असा हिशेब द्वारका झाडाच्या सावलीकडे बघून मनातल्या मनात मांडायची, आणि दुःख असूनही तिला त्यात सुख होते. दुःखाला राहायला एक जागा होती. सगळ्यांच्या दुःखाला ती नसते.

मग गावाच्या मनात देवीचे प्रेम दाटून आले.

मुंबईत स्थिरावलेल्या निवेखोलकरांचे एक मंडळ होते. माणसे भली. त्यांच्या फोनमध्ये गावाचे फोटो, बोलण्यात गावाचे कढ, आणि मनात एकच शल्य: सगळ्या गावांच्या देवींना देवळे, आमचीच देवी उघड्यावर. दोन वर्षांपूर्वी त्यांनी देवीपर्यंत गाडी जावी म्हणून राईच्या समुद्राकडच्या कडेने रस्ता काढला होता. कडेचे किंजळ गेले, हेळा गेला, वेलींनी जखडलेली जुनी करवंदांची जाळी गेली. “कडेचीच तर झाडं,” असे सगळे म्हणाले. कडेच्या झाडांचे काम काय असते, हे कुणी विचारात घेतले नाही. ती राईची भिंत होती. भिंत पडली, आणि दुपारचा खारा, कोरडा, परका वारा जन्मात पहिल्यांदा पावणाईच्या अंगणात शिरला.

वारा आला आणि रोज येऊ लागला. पाचोळा कुरकुरू लागला. राईच्या पायथ्याची व्हाळी चैत्रापर्यंत झुळझुळायची, ती माघातच मुकी झाली. बेडूक गेले. शिळेवरचे शेवाळ कडेकडेने पिवळे पडले, मग तपकिरी. गावाने आकाशाकडे बोट दाखवले, हल्ली हवामानच बदलले आहे असे म्हटले, आणि ते खोटेही नव्हते. फक्त त्या बदलाला आपणच वाट करून दिली, हे कुणाच्या तोंडून निघाले नाही.

यंदा मंडळाने देऊळ ठरवले. सिमेंटचा गाभारा, पुढे सभामंडप, वर रंगीत शिखर. गावचे मानकरी भिकाजी गावकर यांनी शिळेपुढे दोरी धरून आखणी केली. पांढऱ्या फक्कीची रेघ पाचोळ्यावरून सरळ गेली आणि तरुण सुरंगीला आत घेऊन वळली.

“पावणायेक आमच्या उना-पावसात किती दिस ठेवचा?” गावकर म्हणाले. ते खरेच गहिवरले होते. त्यांच्या डोळ्यांत खरेच पाणी होते. “आणि झाडांचा काय? एका झाडाच्या बदल्यात शंभर झाडां लावूया. पर्यावरणाचा पण काम होतला.”

रोपे आधीच येऊन पडली होती. रस्त्याच्या कडेला काळ्या पिशव्यांत गुलमोहर, सुबाभूळ, शोभेचे ताड. एकही या मातीचे नाही. त्यांच्याजवळ उभे राहून मंडळाने फोटोही काढून घेतला. झाडाच्या बदल्यात झाड, इतका सोपा सौदा! बाजारात तांदळाच्या बदल्यात भुसा दिला तर हीच माणसे दुकानदाराची कॉलर धरतील.

पण गावाने कितीही ठरवले तरी देवीला विचारल्याशिवाय निवेखोलात खड्डा खणत नाहीत. कौल लावायचा. तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून शिळेला चिकटवायच्या, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवी आधी पडली तर देवीची मान्यता. डावी आधी पडली तर नकार, आणि नकारापुढे कुणाचेच चालत नाही, मुंबईचेही नाही. पाकळ्या लावायचा हक्क एकट्या गुरवाचा.

आदल्या संध्याकाळी द्वारका अंगणातल्या तगरीपाशी उभी होती. अनाजी आत दिवा लावून बाहेर आला. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. झाडाशी बोलावे तसे ती बोलली.

“उद्या उजवी पाकळी जरा घट दाबा.”

अनाजी दचकला. “असा पाप माका सांगू नको गो. जन्मभर त्या आयेच्या अंगाक हात लावलंय. आता खोटो हात कसो लावू?”

“तुमचा पण तां चेडू न्हय?”

तगरीची पांढरी फुले संध्याकाळच्या निळ्या छायेत अधिकच पांढरी दिसत होती. द्वारका पदर डोक्यावर ओढून घरात गेली, आणि लेकीवरून बोललेल्या त्या शब्दांचे ओझे अंगणात त्याच्यापाशी राहिले. ते त्याला उचलेना आणि टाकवेनाही.

सकाळी अवघे निवेखोल राईत जमले. ढोल वाजला, थांबला. धूप चढला, विरला. अनाजी सोवळे नेसून देवीपुढे उभा राहिला आणि त्याने गाऱ्हाणे घातले: बा पावणाये माते, बारा वाड्यांचे तुझे हे लेकरू-वासरू तुझ्या पायाशी उभे आहे, तुला छप्पर करू म्हणते, तुझ्या मनात असेल तर उजवा कौल दे. प्रत्येक वाक्याला गावाने एका सुरात साथ दिली, “व्हय म्हाराजा!” तो घोष फांद्यांत शिरला, पक्षी उडाले, मधमाश्यांचा गुंजारव क्षणभर थबकून पुन्हा सुरू झाला. गावाने छपराविषयी विचारले होते. झाडाविषयी कुणीच विचारले नाही. देवीला ज्या प्रश्नाचे उत्तर द्यावेसे वाटले असते, तो प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नाही.

अनाजीने डावी पाकळी हलक्या हाताने लावली, नुसती टेकवली. मग उजवी घेतली. देवीच्या उजव्या अंगाला, खांद्याच्या जागी, शेवाळाचा सगळ्यात दाट पट्टा होता. पिढ्यान्‌पिढ्यांचा ओला, उशीसारखा मऊ. तिथे लावलेली पाकळी दिवस मावळेपर्यंत हलत नाही, हे त्याच्या बापाने त्याला शिकवले होते, आणि म्हणूनच तिथे कधी लावायची नाही हेही शिकवले होते. अनाजीने ती पाकळी दोनदा पाण्यात बुडवली. त्याने तिथेच ती ठेवली. आणि अंगठ्याने, आयुष्यात पहिल्यांदा, घट्ट दाबली.

तो मागे सरला. पाप झाले होते. लेकीसाठी झाले होते. त्याच्या छातीत भीती आणि आनंद एकदमच उसळले; बायकांच्या घोळक्यात उभ्या द्वारकेकडे बघायचा मोह त्याने कसाबसा आवरला.

गाव श्वास रोखून होते. पाकळ्या स्थिर होत्या. मग समुद्राकडच्या त्या उघड्या खिंडारातून वारा आला. खारा आला, कोरडा आला, सवयीने आला. पाचोळा सरसरला. डावी पाकळी थरथरली आणि राहिली. उजव्या अंगाचे शेवाळ वरून हिरवे होते, आतून कधीच मेले होते. त्याची एक खपली कडेला सुटली, उचलली गेली, आणि घट्ट दाबलेल्या पाकळीला पाठीवर घेऊन अलगद खाली पडली.

“व्हय म्हाराजा!” गाव गरजले. ढोल घुमला. गावकरांनी शिळेपुढे लोटांगण घातले. कुणीतरी अनाजीच्या कपाळाला गुलाल लावला. तो जमिनीवरच्या त्या इवल्याशा पाकळीकडे बघत राहिला, आणि आपण देवीला फसवायला गेलो म्हणून तिने आपल्याला असे तोंडावर पाडले, असे त्याला वाटले. द्वारका केव्हाच निघून गेली होती.

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, पाणी ठेवायची, अंगण झाडायची. डोळ्यांत राग नव्हता; रागाला निदान ऊब असते. अनाजीने दोनदा तोंड उघडले आणि दोनदा मिटले. गुरवाने कौल दाबला, हे घरातल्या भिंतींनाही कसे सांगायचे? आणि दाबूनही पाकळी पडली, हे लेकीच्या आईला कसे सांगायचे?

सुरंगी तोडली ती भर बहरात. यंत्राची करवत करकरली, तिचा आवाज डोंगराला आपटून परत आला. झाड कोवळे होते, वेळ लागला नाही. ते पडले तेव्हा त्याच्या अंगावरची सगळी फुले एकदम उसळली, आणि पांढऱ्या-पिवळ्या, सुगंधी, असहाय पाकळ्यांचा एक ढग करवतवाल्यांच्या केसांवर, खांद्यांवर बसला. ती माणसेही घटकाभर वरमली. मधमाश्या मात्र गेल्या नाहीत. जिथे झाड होते त्या रिकाम्या हवेत त्या उभ्या झाडाच्या उंचीवर घोंघावत राहिल्या, दुपारपर्यंत, संध्याकाळपर्यंत. तोडलेल्या जागी उन्हाचा एक मोठा, पांढरा, निर्लज्ज तुकडा जमिनीवर पडला. राईने असे ऊन कधी पाहिले नव्हते.

पाया खणायच्या सकाळी द्वारका राईत आली. हातात विळा नव्हता, फूल नव्हते. काखेत एक धुतलेले, मऊ, जुने लुगडे होते. कामगार यंत्र सुरू करायच्या बेतात होते. ती जाऊन बुंध्याच्या ताज्या खोडक्यापाशी उभी राहिली.

“वयनी, बाजूक व्हा,” गावकर म्हणाले. “हय सिमेंट पडतला आता.”

द्वारकेने सगळ्या गावासमोर, जे तिसऱ्याला सांगायचे नसते ते सांगितले. आवाज चढवला नाही, रडली नाही. “हय माजा चेडू निजला हा. तुमच्या सिमेंटाखाली मी तेका ठेवचंय नाय. माका तेका काढून घेवंदेत. मगे तुमी काय तां करा.”

यंत्र बंद झाले. गावकरांच्या हातातली दोरी खाली आली. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा उत्सव उतरला आणि तिथे नुसता एक म्हातारा माणूस उरला. “माका ठावक नव्हता गो,” ते पुटपुटले. खरेच कुणाला ठाऊक नव्हते. रीतच तशी होती. जी रीत लेकराला राखायची, तिनेच ते उघडे पाडले.

ती खाली बसली आणि हातांनी माती उकरू लागली. कुणी पुढे झाले नाही. मग गर्दी बाजूला सारत अनाजी आला, तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला आणि तोही उकरू लागला. वरची माती कोरडी होती, खालची अजून ओली, काळी, राईची. चार हात काम करत होते.

“द्वारके,” तो मातीकडे बघतच म्हणाला, “मी दाबलंय. उजवीच दाबलंय, घट.”

तिचे हात थांबले.

“शेवाळ आतसून सुकलला. शेवाळासकट पडली. मी त्या दिसापासून इचार करतंय गो... वाऱ्यान कौल दिल्यान, आयेन न्हय.”

द्वारकेने त्याच्याकडे पाहिले. कपाळावर मातीचे बोट, डोळ्यांखाली न झोपलेल्या रात्री. ज्या माणसाला, लेकीसाठी काहीच केले नाही म्हणून, तिने मनातून टाकले होते, त्याने आपले सगळे पुण्य एका अंगठ्याखाली घालवले होते. तिने मातीने भरलेला हात त्याच्या मातीने भरलेल्या हातावर ठेवला. “मगे माका सांगूक नाय ता?” एवढेच ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटले. तो ढसढसा रडला. गाव मान खाली घालून उभे होते.

मग ती पुन्हा उकरू लागली. आता घाईने, आता हळुवार. पाळण्यातल्या बाळाच्या अंगाखाली हात घालावा तसा मातीखाली हात घालत. हातभर खोल गेली. दीड हात. लुगडे शेजारी पसरून ठेवले होते, त्यावर ठेवायला एक इवलेसे हाड हवे होते. बोटाएवढे. नखाएवढे चालले असते.

हाड नव्हते. काही नव्हते. मातीत कसलीही खूण उरली नव्हती. होती ती फक्त मुळे: जाड मुळे, बारीक मुळे, केसांसारखी मुळे, एकमेकांत गुंतलेली, एकमेकांना घट्ट धरून असलेली, अजून ओली, अजून जिवंत, आपले झाड गेले आहे हे अजून न कळलेली. वीसेक वर्षे त्यांनी थेंबाथेंबाने, कणाकणाने लेकीला उचलले होते आणि वर, उजेडात, पानांत, फुलांत नेऊन ठेवले होते. तिचे काहीही खाली ठेवले नव्हते. आणि ते वरचे सगळे, ओंडके होऊन, रस्त्याच्या कडेला, काळ्या पिशव्यांतल्या रोपांशेजारी, उन्हात पडले होते.

अनाजीला हे कळले. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो बाजूला केला. ती खड्ड्यात वाकली, एक मूळ तिने हातात घेतले, गालाशी नेले, ठेवले, दुसरे घेतले, ठेवले, मग तिसरे. लुगडे तसेच पसरलेले होते, रिकामे होते. उरलेल्या राईतून सुरंगीचा गंध वाऱ्यावर येत होता, आणि खड्ड्याच्या काठावर गाव उभे होते. द्वारका एकेक मूळ चाचपून बघत होती. एवढ्या मुळांत आपली लेक कोणती, हे तिला ओळखता येत नव्हते.